आधी सुई, मग कप

आदल्या दिवसापासून कॉफी बंद ठेवा, म्हणाल्या डॉक्टरीणबाई,
आणि रात्रीच कपाळात धोटा सुरू झाला,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
बालमणी म्हणाली, ‘डोळे दाखवायला निघालात की बाळंतपणाला?’

सात रस्त्याजवळचा दवाखाना, वरच्या मजल्यावरची खोली.
आत एवढा गारवा
की एप्रिलमधलं सोलापूर चपलांबरोबर दाराबाहेरच राहिलं.
डॉ. शिवलीला कलशेट्टी, माझ्या धाकटीच्या वयाच्या.
हनुवटी इथं, कपाळ तिथं.
‘हलू नका, कोंडय्याकाका. हिरव्या ठिपक्याकडे बघा.’
एकोणतीस वर्षं मागावर तुटलेला धागा शोधला मी.
ठिपक्याकडे बघायला
मला कुणी शिकवायला नको.

पडद्यावर डाव्या डोळ्याचा तळ आला.
एका गाठीतून फुटलेली लाल सुतं,
जाड, बारीक, त्याहून बारीक,
आणि एका जागी काहीच नाही.
‘इथलं सूत तुटलंय,’ मी म्हटलं.
त्या हसल्या.
‘तिथं मुळात नसतंच. सगळ्यात बारकं
तिथूनच दिसतं तुम्हाला.’

मग कागदी कप. काळी, बिनसाखरेची.
नंतर भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून राहायचं.
शेजारी अक्कलकोटचे एक मास्तर,
तेही कप घेऊन, तेही गप्प.

अर्ध्या तासानं पुन्हा हनुवटी, पुन्हा ठिपका.
मघा पडद्यावर जिथं केशरी होतं तिथं हळद,
हळदीच्या जागी मोरपंखी.
‘रक्त कमी झालं?’
‘थोडंसं. कॅफीननं शिरा आकसतात.
काही तासांत येतं परत.’

परत येतं.
पण मला अशोक चौकातली रात्रपाळी आठवली.
दोनच्या ठोक्याला मडिवाळप्पाच्या हॉटेलातून किटली यायची,
डोळा लागू नये म्हणून घोट, मग अजून एक.
डोळा लागला की बोट जायचं,
सिद्रामचं गेलं होतं.
म्हणजे ज्याला जागं ठेवायचं
त्याचंच रक्त थोडं मागं घेत होतो मी,
रोज, ऐन कामाच्या वेळी.

विचारलं शेवटी, ‘उजवा कॉफीनं गेला का ओ?’
त्यांनी पेन खाली ठेवलं.
‘उजवा काचबिंदूनं गेला, काका.
आणि तुम्ही आलात उशिरा.
कॉफीवर ढकलू नका.’
असं तोंडावर सांगणारं माणूस
बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी तोच कप, तोच कडवटपणा.
डोकं लख्ख उघडलं. परतताना
रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून असा भांडलो
की दोन माणसं थांबून बघत होती.
तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या,
‘त्या सोमवारच्या कॉफीत कॅफीन नव्हतंच.
नकाशा बघा, रंग तसाच आहे.’
जीभ फसली. डोकं फसलं. तो रिक्षावाला तर फुकट फसला.
डोळा तेवढा फसला नाही.
गेलेल्या उजव्याचा भाऊ तो,
हिशेबाला पक्का.

घरी आलो तर बालमणी
टॉवेलच्या ढिगात बसलेली, काठ शिवायचे राहिलेले.
शेजारी दोन पेले, वर वाफ.
‘घ्या, निवेल.’
‘थांब,’ म्हटलं, ‘सुई दे.’
‘आजच काय सुचलं?’
उत्तर दिलं नाही. दाराशी उजेडात गेलो,
उजवा नसल्यासारखाच मिटला,
दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं.
पहिल्यांदा चुकलं.
दुसऱ्यांदाही.
मग नेढ्यातलं ते एवढंसं आभाळ सापडलं
आणि दोरा पलीकडे गेला.

कॉफीवर तोवर साय धरली होती.